पहिले अठरा मीटर: कोकणातून ड्रॅग स्ट्रिपवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली, रस्ते सुकले, की मला फोन यायला लागतात. खेड, दापोली, गुहागर, राजापूर, कुठूनही. "दादा, यंदा ड्रॅगला उतरायचंय. गाडीला काय काय करून घेऊ?" बहुतेकांनी एक्झॉस्ट आणि एअर फिल्टरचे भाव आधीच काढून ठेवलेले असतात. मी त्यांना उलट एकच विचारतो: तुझ्या मागच्या टायरात आत्ता हवा किती आहे? शंभरातला एखादा आकडा सांगतो. बाकीचे म्हणतात, पंपावर भरली होती तेवढी असेल.

म्हणून हा लेख. ज्यांनी कधी स्ट्रिपवर पाय ठेवलेला नाही, ज्यांच्याकडे शंभर ते चारशे सीसीची रस्त्यावरची बाईक आहे आणि जे आपल्या किनाऱ्यावर राहतात, त्यांच्यासाठी.

ड्रॅग म्हणजे उभ्या जागेवरून सुटून मारायची सरळ शर्यत, पाव मैल, ४०२ मीटर. ती जिथे होते तो पट्टा म्हणजे स्ट्रिप. काही ठिकाणी त्याच्या निम्मं, २०१ मीटर. पण या अंतरातलं सगळ्यात महागडं अंतर म्हणजे पहिले ६० फूट, १८.३ मीटर. स्ट्रिपवर या अंतराची वेळ वेगळी छापून मिळते. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटच्या रेषेपाशी दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो, असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. कारण सरळ आहे. जी गाडी आधी वेगात आली, ती पुढचा प्रत्येक मीटर त्या वेगाने कापते. आणि हे अठरा मीटर इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायर, क्लच आणि तुमचा डावा पंजा यांच्या हातात असतात.

आपल्या किनाऱ्यावर कायमची ड्रॅग स्ट्रिप नाही, पण अठरा मीटर सिमेंट आहे. सराव तिथेच होतो.

पायरी पहिली: जागा

आधी कुठे करायचं नाही ते. मुंबई-गोवा हायवेवर नाही. चौपदरी झालेला रुंद, मोकळा तुकडा पहाटे कितीही मोह घालो, तिथे नाही. सागरी रस्त्यावर नाही, गावच्या रस्त्यावर नाही. सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडे रस्त्यावर कधी काय आडवं येईल याचा नेम नसतो. गुरं, शाळेची पोरं, वळणावरून सुटलेली एसटी. तुमच्या हौसेची किंमत त्यांनी का मोजायची?

समुद्राच्या पुळणीवरही नाही. वाळूवर टायरबद्दल काहीच कळत नाही, कारण तिथे रबर धरत नाही, वाळू सरकते. शिवाय चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेलेलं खारं पाणी पुढचे सहा महिने छळतं. आणि हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात. त्या वाळूवर चाक नेऊच नये.

तिसरी जागा म्हणजे सडा. सपाट, मोकळा कातळ बघून वाटतं की देवाने स्ट्रिपच दिली आहे. पण रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत असलेली. कित्येक अजून मातीखाली असतील. जांभ्यावर रबर घासायला आपण कोणी नाही.

मग राहतं ते खाजगी, कुंपणाच्या आतलं, गेट लावता येईल असं सिमेंटचं किंवा डांबरी आवार. बंद पडलेला कारखाना, आंब्याच्या किंवा काजूच्या युनिटचं मागचं अंगण, मंगल कार्यालयाचं पार्किंग. दीडशे मीटर सरळ लांबी पुरते. हिशोब असा. शंभर ते दोनशे सीसीची गाडी १८ मीटरला साधारण पन्नासच्या आसपास जाते. तिथून सावकाश ब्रेक मारून थांबायला तीस मीटर लागतात. मी तरी शंभर मोकळे ठेवतो, आणि त्या शंभराच्या टोकाला भिंत नको, गवत असलं तर उत्तम. मालकाची परवानगी लेखी घ्या. गावच्या पोलीस पाटलांना आणि शेजारच्या घरांना आदल्या दिवशी सांगून या. सकाळी सात वाजता आवाज झाला की लोक चिडतात, आणि ते बरोबरच असतं.

एक गोष्ट अशी की जी कोणी सांगत नाही. बाईकच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. पॉलिसी काढून वाचा आणि मगच घरच्यांना सांगा. घरच्यांपासून लपवून हे करू नका.

अंगावर काय, ते थोडक्यात: फुल फेस हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड जॅकेट. पन्नासच्या वेगाला सिमेंटवर पडलं तर कातडी सोलवटून निघते. सोबत दोन माणसं हवीत, एकजण मोजायला आणि एकजण फक्त लक्ष ठेवायला. एकट्याने सराव करायचाच नाही.

पायरी दुसरी: सिमेंट झाडा

आपल्याकडे पावसाळ्यानंतर सिमेंटवर शेवाळाचा पातळ थर राहतो. सुकला की दिसत नाही, पण चाक फिरलं की बुळबुळीत होतो. आणि वर जांभ्याची लाल धूळ. ही धूळ टायर आणि सिमेंट यांच्यामध्ये बारीक मण्यांसारखी लोळते. म्हणून आधी हिराच्या खराट्याने जोर लावून पट्टा झाडायचा, मग पाणी मारून घासायचं, आणि पूर्ण सुकू द्यायचं. हे आदल्या संध्याकाळी करा. सुरुवातीचे पाच मीटर तर हाताने पुसून बघा, तळवा लाल झाला तर परत झाडा.

वेळ सकाळची. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो तो मंद असतो, आणि तो पडल्यावर दुपारी खारा वारा सुरू होईपर्यंत हवा स्थिर असते. वाऱ्याची दिशा बदलली की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मी सात ते साडेनऊ एवढंच काम करतो. नंतर सिमेंट तापतं आणि सकाळचं सगळं मोजमाप वेगळ्याच पृष्ठभागावरचं होऊन बसतं.

पायरी तिसरी: टायर वाचायला शिका

टायरच्या कडेला सगळं लिहिलेलं असतं, पण आपण फक्त कंपनीचं नाव वाचतो. अंडाकृती चौकटीतले शेवटचे चार आकडे शोधा. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. आपल्याकडच्या उन्हात आणि खाऱ्या हवेत रबर लवकर कडक होतं. गोटे, म्हणजे खाचांमधलं उंच रबर, शिल्लक असले तरी पाच-सहा वर्षांचा टायर लाँचला, म्हणजे उभ्या जागेवरून जोरात सुटताना, धरत नाही. नखाने दाबून बघा. नवं रबर नखाखाली किंचित दबतं आणि परत येतं. जुनं दगडासारखं लागतं.

पुढे मापानंतर ६२पी असं काही लिहिलेलं असतं. ६२ म्हणजे २६५ किलो वजन पेलणारा, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालणारा. एस १८०, एच २१०. तुमची गाडी स्ट्रिपच्या शेवटी यापेक्षा वेगात जाणार असेल तर त्या टायरवर उतरायचंच नाही, इथे तडजोड नाही. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला.

नवा टायर लगेच शर्यतीला नेऊ नका. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला पदार्थ वरच्या थरावर राहतो. शंभर-दीडशे किलोमीटर साधं चालवून तो निघू द्या.

आणि टायर पॉलिश. हे मी पोटतिडकीने सांगतो. एका सकाळी माझं मागचं चाक पहिल्याच लाँचला असं निसटलं की गाडी आडवी व्हायची राहिली. तशाच दोन लाँच आधीच्या आठवड्यात व्यवस्थित झाल्या होत्या. हवा तीच, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) तेच. शेवटी टायरवरून बोट फिरवलं तर बोट चकाकलं. आदल्या दिवशी गाडी वॉशिंगला दिली होती. तिथल्या पोराने चांगल्या मनाने टायर काळेभोर दिसावेत म्हणून कडेसोबत मधल्या पट्ट्यालाही सिलिकॉनचं पॉलिश मारलं होतं. तेव्हापासून गाडी धुवायला दिली की मी उभा राहून सांगतो, टायरला काही लावायचं नाही. तुम्हीही सांगा. लागलंच असेल तर साबणाच्या पाण्याने आणि काथ्याने घासून काढा.

आता खडू घ्या. शाळेतला पांढरा. मागच्या टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मारा आणि गाडीवर बसून, सरळ, पाच-सात मीटर पुढे न्या. उतरून रेघ बघा. फक्त मधला दोन बोटं भाग पुसला गेला असेल तर तेवढंच रबर जमिनीला लागतंय. हवा दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी करून परत रेघ मारा. पुसलेला पट्टा रुंद झालेला दिसेल. पंक्चरच्या दुकानात बसलेल्या काकांना मी हे करून दाखवलं तेव्हा तेही खाली वाकून बघत राहिले. टायर जमिनीला किती टेकतो, हे डोळ्यांनी बघितलं की हवेच्या आकड्याला अर्थ येतो.

दुसरी खूण रिमवर. ट्यूबचा टायर असेल, उदाहरणार्थ आरएक्स १०० सारख्या तारांच्या चाकाच्या गाडीला, तर टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी एक उभी रेघ पांढऱ्या रंगाने मारून ठेवा. हवा कमी असताना जोरात लाँच केलं की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. प्रत्येक लाँचनंतर बघा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोरून हलले असतील तर हवा लगेच वाढवा. ट्यूबच्या टायरात कंपनीच्या आकड्यापासून तीन-चार पीएसआयच्या खाली मी जात नाही.

स्वतःचा गेज घ्या. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आपल्याला दोन पीएसआयचा फरक बघायचा आहे. गेज थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण तो रोज तोच हवा. हवा नेहमी गार टायरात मोजा. पाच-सहा अंशांनी टायर तापला की साधारण एक पीएसआय वाढतो, आणि उन्हात उभी असलेली गाडी सावलीतल्या गाडीपेक्षा सहज दोन-तीन जास्त दाखवते.

पायरी चौथी: मोबाइलवर अचूक वेळ

मोबाइलमधलं जीपीएस या कामाचं नाही. ते साधारण सेकंदाला एकदा जागा घेतं, आणि आपला सगळा खेळ अडीच सेकंदांचा. सेकंदाला दहा किंवा जास्त वेळा मोजणारी वेगळी जीपीएस डबी मिळते, ती चांगली, पण सुरुवातीला लागत नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

सिमेंटवर दोन रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, मध्ये १८.३ मीटर, टेपने मोजून. पहिल्या पट्टीच्या ३० सेंटीमीटर मागे पुढचं चाक टेकवून गाडी उभी करा. स्ट्रिपवरही घड्याळ चाक हलल्याक्षणी सुरू होत नाही, चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणाच्या बाहेर पडेपर्यंत थोडं अंतर फुकट मिळतं. त्याची ही नक्कल. मोबाइल स्टँडवर, बाजूला वीस-पंचवीस मीटर लांब, दोन्ही पट्ट्या चौकटीत येतील असा. सेकंदाला ६० चौकटींवर चित्रण करा, १२० मिळत असेल तर १२०. मग घरी एकेक चौकट पुढे सरकवत मोजा. पुढचा टायर पहिल्या पट्टीवर आला ती चौकट शून्य, दुसऱ्या पट्टीवर आला ती शेवटची. समजा १४१ चौकटी झाल्या, भागिले ६०, म्हणजे २.३५ सेकंद. साठच्या चित्रणात दोन्ही टोकांना मिळून दोन-तीन शतांश सेकंदांची चूक राहते. म्हणून त्याहून लहान फरकावर विश्वास ठेवू नका.

अंदाज यावा म्हणून: सुरुवातीपासून सरासरी अर्धा जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) मिळाला तर हे अंतर २.७ सेकंदांत कापलं जातं, ०.७ जी मिळाला तर २.३ मध्ये. फुकट मिळालेल्या ३० सेंटीमीटरमुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा थोडा कमी येतो. रस्त्यावरच्या टायरवर नवशिक्याला तीनच्या आतबाहेर आलं तरी निराश व्हायचं कारण नाही.

पायरी पाचवी: लाँच

इथे घाई करू नका. लेखातला हा भाग मी दोनदा वाचायला सांगेन.

आधी क्लचची चाल. लिव्हरला मोकळी चाल कंपनीने सांगितली तेवढीच असू द्या, केबल गंजलेली असेल तर बदला. आपल्याकडे आतली तार गंजून क्लच अडकत अडकत सुटतो, आणि अडकणाऱ्या क्लचवर लाँच शिकता येत नाही. चेनही बघा. खाऱ्या हवेने कड्या जाम झालेली चेन तुटून चाकात अडकली तर काय होईल याची कल्पना करा.

पहिले दहा प्रयत्न अ‍ॅक्सिलरेटर न पिळता. पहिला गिअर, इंजिन आयडलवर, क्लच इतका सावकाश सोडा की गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकेल. ज्या ठिकाणी ती पहिल्यांदा ओढ घेते ती जागा बोटांना पाठ झाली पाहिजे. लिव्हरवर तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवलात तरी चालेल, बोटाला कळतो.

मग ३,००० आरपीएम. अ‍ॅक्सिलरेटर तिथे धरा आणि तिथेच ठेवा. गाडी क्लचने सोडायची, अ‍ॅक्सिलरेटरने नाही. क्लच ओढीच्या जागेपर्यंत चटकन आणा, तिथे थांबवा, गाडी निघू द्या, आणि पुढच्या सेकंद-दीड सेकंदात तो उरलेला सोडत जा, तेवढ्याच वेगाने अ‍ॅक्सिलरेटर उघडत. दोन हात एकमेकांच्या उलट चालतात. विहिरीवर रहाट ओढताना एक हात सोडतो तेव्हा दुसऱ्याने पकडलेलं असतं, तसा तो ताल आहे.

बूड टाकीला लागेपर्यंत पुढे, छाती खाली, कोपरे वाकलेले, नजर पट्ट्याच्या शेवटी. उजवा पाय फूटरेस्टवर, ब्रेकजवळ. डावा जमिनीवर, गाडी सुटली की लगेच वर.

आता गाडी काय सांगते ते ऐका. इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी दम लागल्यासारखी ओढू लागली, तर ती दबली. आरपीएम ५०० ने वाढवा. आवाज एकदम वर गेला आणि गाडी जागच्या जागी राहिली, मागे सिमेंटवर लांब सारखी काळी रेघ उमटली, तर चाक घसरलं. क्लच अजून सावकाश सोडा, आरपीएम कमी करू नका. आधी हात सुधारा, मग आकडा. पुढचं चाक उचललं तर अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात बंद करू नका, चाक आदळून हँडल हलतं. थोडा परत घ्या, मागच्या ब्रेकला अलगद टेका, चाक खाली येतं. चार बोटं उचललं तर चांगलंच, वीतभर उचललं तर तुम्ही पुढे जाण्याऐवजी वर जाताय. वजन अजून पुढे आणा.

उत्तम लाँचची खूण सिमेंटवर दिसते. सुरुवातीला हातभर गडद, मग फिकट होत दोन-तीन मीटरांत संपणारी रेघ. म्हणजे टायर किंचित घसरत घसरत धरत गेला. रबर सगळ्यात जास्त ओढ देतं ते अशा किंचित घसरणीतच.

एका लाँचनंतर पाच मिनिटं थांबा. ओल्या क्लचच्या प्लेटा तेलात असल्या तरी तापतात, आणि तापल्या की ओढीची जागा सरकते. जळका वास आला तर त्या दिवशी काम बंद. एका सकाळी पंधरा-सोळा लाँच खूप झाल्या. थांबल्यावर त्या पाच मिनिटांत वही लिहा.

पायरी सहावी: वही

एका वेळी एकच गोष्ट बदला. नवशिके हमखास हवा, आरपीएम आणि बसायची जागा तिन्ही एकदम बदलतात. मग वेळ सुधारली तरी कशामुळे, ते कधीच कळत नाही.

समजा आज मागच्या टायरची हवा बघायची. आरपीएम ठरलेलं, टाकीत पेट्रोल तेवढंच. कंपनीचा आकडा ३२ असेल तर ३२ वर तीन लाँच, ३० वर तीन, २८ वर तीन. तिन्हींमधली मधली वेळ लिहा, सगळ्यात चांगली नाही. चांगली वेळ कधी योगायोगाने येते, मधली खरं बोलते. आणि शेवटी परत ३२ वर तीन. हे बहुतेकजण टाळतात, कारण दमलेले असतात. पण सुरुवातीची ३२ ची वेळ आणि शेवटची ३२ ची वेळ जुळली नाही, तर मधला फरक हवेचा नसून तापलेल्या सिमेंटचा किंवा तुमच्या सुधारलेल्या हाताचा आहे. ती सकाळ वहीत ठेवा, पण तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

हवा कमी करत गेलं की एका जागी वेळ सुधारायची थांबते. तिथे थांबा, आणखी खाली जाऊ नका. पुढे स्ट्रिपच्या टोकाला शंभरच्या वर वेगात मऊ टायर डुलायला लागतो. पुढच्या टायरची हवा मात्र कमी करायची नाही.

वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा कुठून, हवा गार असतानाची, आरपीएम, वेळ आणि एक ओळ मनातली: "दबली", "डावीकडे ओढली", "छान गेली". वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. माझी पहिली वही २०२१ च्या जुलैतल्या पुरात गेली, तिच्यासोबत दोन वर्षांच्या सकाळी गेल्या.

बर्नआउटबद्दल, म्हणजे जागच्या जागी मागचं चाक फिरवून टायर तापवण्याबद्दल, लोक फार विचारतात. रुंद, बिनखाचांच्या ड्रॅग टायरला तापवावं लागतं, त्यासाठी ते आहे. आपल्या रस्त्यावरच्या टायरला धूळ झटकण्यापुरतं दोन सेकंद पुरतं. जास्त तापलं की तेलकट होऊन उलट घसरतं. सरावात तर ओल्या फडक्याने टायर पुसा, काम होतं.

पायरी सातवी: दिवे

स्ट्रिपवर दिव्यांचा खांब असतो. वरचे दोन छोटे दिवे तुम्ही रेषेवर आलात ते सांगतात, मग तीन पिवळे, मग हिरवा, आणि लवकर सुटलात तर लाल. पिवळे एकामागोमाग अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागत असतील तर तिसऱ्या पिवळ्यावर सुटायचं, हिरव्याची वाट बघितली तर उशीर झाला. तिन्ही एकदम लागत असतील तर हिरवा चार दशांश सेकंदांनी येतो. तेव्हाही पिवळ्यावरच. पण तुमची प्रतिक्रियेची वेळ आणि गाडीची वेळ वेगवेगळ्या छापतात, आणि गाडीचं घड्याळ चाक किरणाच्या बाहेर पडल्यावरच सुरू होतं. पहिल्या दिवशी दिव्यांशी झटापट करू नका. हिरवा बघा, श्वास घ्या, आपली लाँच करा.

पायरी आठवी: घाट चढताना

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' भरत आली आहे. आपण तिकडे माणगावहून ताम्हिणी घाटाने वर जातो. उतरण्याआधी आयोजकांकडून नियम, तपासणी आणि लागणारा परवाना विचारून घ्या. देशात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते आणि स्पर्धेचा परवाना तीच देते.

आपण समुद्रसपाटीचे लोक, हे वर गेल्यावर आठवतं. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर. तिथे हवा इथल्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी विरळ. याचे दोन परिणाम. पहिला, गेज साधारण एक पीएसआय जास्त दाखवतो, कारण बाहेरची हवा हलकी झालेली असते. वर पोचल्यावर गाडी तासभर सावलीत ठेवा आणि मग हवा परत बघा. घरी ठरवलेला आकडा तिथे पुन्हा लावा.

दुसरा परिणाम कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर. पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे मिश्रण घट्ट होतं, गाडी भरून आल्यासारखी चालते. प्लग काढून बघा. काजळी धरली असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर लहान. प्लग चॉकलेटी दिसायला हवा. पण हे लक्षात ठेवा, आणि टू-स्ट्रोकवाल्यांनी तर हातावर लिहून ठेवा: परत खाली यायच्या आधी जुना जेट परत लावा. वरच्या जेटवर कोकणात गाडी पिळली तर मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. मी तर आता गाडी छोट्या हत्तीत टाकूनच नेतो आणतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ही चिंता नाही, ती स्वतःच जुळवून घेते.

पायरी नववी: पहिली फेरी

धावपट्टी डांबरी असते, तुमचं आवार सिमेंटचं होतं. म्हणून तुमचे आकडे तसेच येणार नाहीत, पण हात तोच असतो. आधी पट्ट्यावर पायी चालून या, परवानगी असेल तर. सुरुवातीच्या जागेवर बुटाचा तळ घासून बघा, चिकटतो का, धूळ आहे का. तुमच्या आधी सुटणाऱ्या गाड्या कुठून घसरतायत ते बघा, आणि चाक त्याच्या हातभर बाजूला लावा.

पहिली लाँच वहीतल्या आरपीएमपेक्षा ५०० ने कमी. फक्त सरळ जायचं, शेवटची रेषा ओलांडायची आणि सावकाश थांबायचं. रेषेआधी ब्रेक नाही, रेषेनंतर एकदम ब्रेक नाही. मागून कोणी येत असेल तर आपली बाजू सोडायची नाही.

मग छापील वेळांची पावती घ्या आणि सावलीत बसा. वरून पहिला आकडा प्रतिक्रियेचा, तो आज सोडा. दुसरा ६० फुटांचा. तो घरच्या वहीशेजारी ठेवा. सगळ्यात खाली पूर्ण वेळ आणि शेवटच्या २० मीटरांतला वेग. वेग चांगला आणि ६० फूट वाईट असेल तर इंजिन ठीक आहे, हात किंवा टायर चुकतोय. ६० फूट चांगलं आणि वेग कमी असेल तर गिअर टाकताना वेळ जातोय किंवा इंजिन कमी पडतंय, आणि तेव्हा कुठे एक्झॉस्ट, फिल्टर, स्प्रॉकेट या गोष्टींकडे बघायचं. दुसऱ्या फेरीला ५०० वाढवा, बाकी काही बदलू नका, आणि पावतीच्या मागे हवेचा आकडा लिहून ठेवा.